दुसऱ्या रात्री झोपणार कुठे?

पत्र थोडक्यात: लिहिणाऱ्या ताई ४१ वर्षांच्या, दर पावसाळ्यात सह्याद्रीत भटकणाऱ्या. धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, तोही गडकिल्लेवाला, शिवाय अर्धमॅरेथॉन धावणारा. वडील ६६ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू, रोज पाऊण तास चालतात. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिघं लेहला निघालेत. हातात पाच दिवस, चार रात्री. विमानाची तिकिटं काढून झाली आहेत.

भावाने आखलेला बेत असा: पहिल्या दिवशी सकाळी उतरून दुपारी लेह पाहायचं. दुसऱ्या दिवशी खारदुंग ला ही उंच खिंड ओलांडून नुब्रा खोऱ्यात हुंदरला मुक्काम. तिसऱ्या दिवशी श्योक नदीच्या कडेने पँगाँग सरोवर, रात्री तंबूत. चौथ्या दिवशी चांग ला या खिंडीतून लेहला परत आणि पाचव्या दिवशी सकाळी विमान. भावाचं म्हणणं, "एवढ्या लांब जाऊन पँगाँग नाही पाहिलं तर गेलो कशाला?" ताई लिहितात, "बाबांना फक्त एकदा सिंधू बघायची आहे, बाकी ते काही मागत नाहीत. या वयात त्यांना न्यावं का, की आम्ही दोघांनीच जाऊन यावं? बेत थोडा हलका केला तर चालेल का? पण हॉटेलात बसून राहायचं नाही हं आम्हाला, मोकळ्या हवेत हिंडायचंय."

ताई,

तुम्ही काळजी केलीत बाबांची. बेत वाचून मला धास्ती वाटली ती तुमच्या भावाची.

डोंगरात कुणाला धाप लागली की आपण ती वयाच्या नाहीतर तब्येतीच्या खात्यात टाकतो. सह्याद्रीत ते बरोबरच आहे. कळसूबाईच्या शिड्यांपाशी कोण बसकण मारणार आणि कोण पुढे जाणार हे पाय आणि सराव ठरवतात. पण कळसूबाई १,६४६ मीटर. दोन कळसूबाया एकीवर एक ठेवल्या तरी लेहचा बाजार त्यांच्या वरच राहतो, कारण ते शहर वसलंय साधारण ३,५०० मीटरवर. आणि तुम्ही तिथे चढून जाणार नाही. दिल्लीहून निघालेलं विमान सव्वा तासात तुम्हाला तिथे नेऊन सोडणार.

तिथल्या हवेतही प्राणवायू २१ टक्केच असतो. कमी असतो तो हवेचा दाब, समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. त्यामुळे दर श्वासाला पदरात पडणारा प्राणवायू जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो. शरीर मग खोल आणि भरभर श्वास घेऊ लागतं. पण तसं केलं की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्ताचं आम्ल-अल्क गणित बिघडतं आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. रात्री झोपेत श्वास मधेच थांबल्यासारखा होऊन माणूस दचकून उठतो, तो याच ओढाताणीमुळे. बिघडलेलं गणित मूत्रपिंडं हळूहळू जुळवून देतात, आणि त्याला काही दिवस लागतात. अर्धमॅरेथॉन धावणाऱ्याची मूत्रपिंडं ते काम लवकर उरकत नाहीत. वय जास्त म्हणून हा त्रास जास्त, असंही दिसलेलं नाही. तरणीबांड माणसंच बरेचदा जास्त गोत्यात येतात, कारण ती पहिल्या दिवसापासून धावपळ करतात आणि डोकं ठणकत असलं तरी तोंडातून ब्र काढत नाहीत.

मी स्वतः त्यातलीच. पहिल्यांदा गेले तेव्हा विमानातून उतरल्यावर इतकं छान वाटत होतं की आराम करा म्हणणाऱ्या घरमालकिणीला मी मनातल्या मनात हसले. जेवून लगेच बाजार, संध्याकाळी शांतिस्तूप. पाचशेच्या वर पायऱ्या आहेत, मी दोनदा थांबून चढले आणि वर जाऊन स्वतःवर खूश झाले. रात्री अकराच्या सुमाराला कवटीत कुणीतरी वरवंटा फिरवायला लागलं. पहाटेपर्यंत न्हाणीघरातली बादली उशाशी होती. नंतर कळलं की हा त्रास बहुधा पोचल्यानंतर सहा ते बारा तासांनी सुरू होतो. म्हणजे दुपारचा तो उत्साह कसलंच प्रमाणपत्र नसतो, बिल यायचं बाकी असतं इतकंच.

तेव्हा बाबांना न्यावं की नाही, हा प्रश्न जरा वेळ बाजूला ठेवू. आधी हे बघू, की तुम्ही दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्री झोपणार कुठे.

उंचावर जाणारे लोक दिवसा गाठलेल्या उंचीपेक्षा रात्रीच्या मुक्कामाची उंची जास्त मोजतात. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्काम रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायचा नाही, आणि दर तीन-चार दिवसांत एक जादा रात्र त्याच उंचीवर काढायची, असा साधा ठोकताळा आहे. विमानाने लेहला उतरणारा माणूस पहिल्याच दिवशी हा ठोकताळा मोडतो, त्याला इलाज नाही. म्हणून तर तिथे पोचल्यावर दोन रात्री मुकाट्याने काढायला सांगतात.

तुमच्या भावाच्या बेतात दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला आहे. त्या खिंडीतल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं आणि त्या पाटीपाशी फोटो काढायला रांग लागायची. प्रत्यक्षात खिंड ५,३५९ मीटरवर आहे, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या आसपास. आकडा खोटा म्हणून हवा दाट होत नाही. तिथला दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. हुंदर मात्र लेहपेक्षा खाली आहे हे मान्य करायला हवं, त्यामुळे नुब्राची रात्र वाटते तितकी वाईट नाही. खरी अडचण तिसऱ्या रात्रीची. पँगाँगचा काठ सव्वाचार हजार मीटरच्या आसपास. हुंदरहून तिथे गेलात की मुक्काम एका दिवसात हजार मीटरहून जास्त चढला. त्यात सप्टेंबरची थंडी, तंबू, आणि काही बिनसलं तर लेहच्या मोठ्या रुग्णालयाच्या वाटेत आडवा चांग ला, तोही पाच हजार मीटरच्या वरचा. फुप्फुसात पाणी होण्याचा जो गंभीर प्रकार आहे, तो बहुतेकदा दुसऱ्या ते चौथ्या रात्रीच्या दरम्यान उपटतो. नेमक्या त्याच वेळी तुम्ही मदतीपासून सगळ्यात लांब असणार.

लोक असं करतात की नाही? करतात. हजारो करतात, आणि त्यातले बरेचसे डोकेदुखीवर निभावून घरी येऊन छान छान फोटो टाकतात. तुमच्या भावाने पाहिलेत ते त्यांचेच. उरलेल्यांचे फोटो नसतात.

आता तुमचं शेवटचं वाक्य, "मोकळ्या हवेत हिंडायचंय." मी एक उद्योग केला. बेतातले गाडीचे तास मोजले. लेह ते हुंदर सव्वाशेच्या आसपास किलोमीटर, खिंडीतून, पाचेक तास. हुंदर ते पँगाँग पाच-सहा तास. पँगाँग ते लेह पुन्हा तेवढेच. तीन दिवसांत पंधरा-सोळा तास तुम्ही गाडीत, धुळीमुळे काचा वर करून. पायी चालणं किती? खिंडीत पाटीपर्यंत, हुंदरला वाळूत थोडं आणि सरोवराच्या काठी थोडं. याला सहल म्हणायला माझी हरकत नाही, पण हिंडणं कसं म्हणायचं? सह्याद्रीत दिवसभर पाठीवर पिशवी घेऊन चालणाऱ्या बाईला हे तीन दिवस तुरुंगासारखे वाटतील असा माझा अंदाज आहे. "एवढ्या लांब जाऊन" हे भावाचं पालुपद मी समजू शकते, तिकिटाचे पैसे आपल्यालाही टोचतात. पण लांब आलोय म्हणून आणखी लांब जायचं, हा हिशेब मला कधीच कळला नाही.

मग पाच दिवसांत करायचं काय? लेह सोडून लगेच वर जाण्याऐवजी लगेच खाली जा.

हे फारसं कुणी सुचवत नाही, कारण सगळ्यांच्या डोक्यात लेह म्हणजे तळ आणि बाकी सगळं तिथून वर. पण सिंधू लेहच्या पायथ्यावरून पश्चिमेला वाहत जाते, आणि नदी वाहते म्हणजे जमीन उतरते. श्रीनगरच्या रस्त्याने तासाभरात निम्मू येतं, तिथे झंस्कार नदी सिंधूला मिळते. आणखी तासाभरात अलची. लेहपासून साधारण ६५ किलोमीटर, आणि उंची ३,१०० मीटरच्या आसपास. लेहपेक्षा चारशे मीटर खाली. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पहिल्या रात्री हे चारशे मीटर सोन्याच्या मोलाचे असतात. या पट्ट्याला शाम म्हणतात. तिथे भारतीयांना कसला परवानाही लागत नाही.

सकाळी उतरलात की विमानतळावरूनच गाडी करून सरळ अलचीला जा. वाटेत चुंबकीय टेकडी लागेल, गाडी आपोआप चढावर जाते म्हणतात ती. तो नजरेचा खेळ आहे, उतारच चढासारखा दिसतो. थांबायची गरज नाही. निम्मूच्या वरच्या वळणावर मात्र थांबा, बसल्या जागेवरून दोन नद्या दोन रंगांच्या दिसतात आणि बराच वेळ एकमेकींत मिसळायला राजी नसतात. अलचीला पोचून जेवा आणि पडा. त्या दिवशी एवढंच. झोप लागली नाही तरी आडवे राहा. भाऊ बाहेर जातो म्हणेल. जाऊ द्या, पण पाठीवर पिशवी नको आणि चढ नको.

दुसरा दिवस गावातला. अलचीचे बौद्ध विहार आठ-नऊशे वर्षांपूर्वीचे. लडाखमधले बहुतेक गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, टेकडीच्या टोकावर असतात, हा सपाटीवर, नदीच्या वर. बाबांच्या गुडघ्यांना बरं. आतली भित्तिचित्रं काश्मिरी हाताची आहेत. सुमत्सेक नावाच्या तीन मजली देवळातल्या उंच मूर्तीच्या धोतरावर राजवाडे, देवळं, माणसं अशी बोटभर चित्रं रंगवलेली आहेत, ती अंधाराला डोळे सरावल्यावरच दिसतात. आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे निवांत बघून होतं. बाहेर जर्दाळूची झाडं. शेतांच्या कडेने पाण्याचे पाट गेलेत, त्यांना तिथे युरा म्हणतात. पाटाच्या तोंडाशी एक दगड आणि मातीचं ढेकूळ असतं, ते सरकवलं की पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात जातं. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी, हे पाहणारा माणूस गावाने नेमलेला असतो, त्याला चुरपोन म्हणतात. वर्षाला सरासरी जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या मुलखात सगळी हिरवळ या पाटांच्या जिवावर आहे. पाटाच्या कडेची वाट बहुतेक सपाट असते. तिघांनी मिळून सकाळी दोन तास, संध्याकाळी एक तास चाला. सप्टेंबरात जवाची कापणी होत आलेली असते, शेतात काम करणाऱ्यांना "जुले" म्हणा, तेही म्हणतील.

तिसऱ्या दिवशी तुमची आणि भावाची खरी चाल. अलचीहून गाडीने लिकिरला जायचं आणि तिथून यांगथांगपर्यंत पायी, चार-पाच तासांची वाट. मधे दोन छोट्या खिंडी आहेत, दोन्ही ३,६०० मीटरच्या आसपास. सह्याद्रीच्या मानाने चढ किरकोळ आहे, आणि तरीही तुम्ही हळू चालाल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. झाड म्हणून नाही त्या वाटेवर. ऊन थेट टाळूवर पडतं. दर हजार मीटरला अतिनील किरणं दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात, त्यामुळे टोपी, गॉगल, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि नाकाच्या शेंड्यालाही क्रीम. हवा थंड असल्यामुळे भाजतंय हे कळतच नाही. बाबा तोवर लिकिरचा गोंपा पाहतील आणि गाडी त्यांना घेऊन तुमच्या दुसऱ्या टोकाला येईल. बरं वाटत असेल तर सुरुवातीचा अर्धा तास त्यांनाही चालू द्या आणि परत फिरू द्या. संध्याकाळी लेह. आता तुम्ही दोन रात्री काढून लेहला येताय, पहिल्या दिवशीचं लेह आणि हे लेह यांत तुम्हालाच फरक जाणवेल.

चौथा दिवस मी मोकळा ठेवलाय, तो तुमच्या भावासाठी. त्याला खारदुंग ला हवाच असेल तर त्या दिवशी जाऊ दे. शहरापासून चाळीसेक किलोमीटर. तीन रात्री झालेल्या असतील आणि झोपायला परत लेहलाच यायचंय. वर पंधरा-वीस मिनिटांहून जास्त थांबायचं नाही. गाडीने वर जाऊन सायकलवरून उतरण्याची सोयही तिथले लोक करतात, ते मात्र खरोखर मोकळ्या हवेत हिंडणं आहे. ब्रेक वर निघतानाच तपासून घ्या, हातमोजे घाला. तुम्ही त्याच्याबरोबर जायलाच हवं असं नाही. जुन्या लेहच्या गल्ल्यांतून चढत राजवाड्याकडे जा. सतराव्या शतकातला, नऊ मजल्यांचा. त्याच्या वर नामग्याल त्सेमोचा किल्ला आहे. एकेका गच्चीवर वाळत घातलेले जर्दाळू बघत, दर वळणावर दम खात, अख्खी सकाळ घालवता येते. तराफ्यातून नदी उतरायची हौस असेल तर तीही याच भागात भागते. फे ते निम्मू हा टप्पा त्यातल्या त्यात सौम्य, पाणी मात्र बर्फाचंच.

आता बाबा. रक्तदाब आटोक्यात असेल तर केवळ तेवढ्यासाठी लेह वर्ज्य होत नाही. पण उंचीवर गेल्यावर सुरुवातीचे काही दिवस दाब वाढतो, त्यामुळे निघण्याआधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना "लेह, ३,५०० मीटर, विमानाने" असे स्पष्ट शब्द वापरून विचारा. "जरा फिरायला चाललोय" म्हणालात तर ते "जा की" म्हणतील. हृदयाच्या तपासण्या लागतील की नाही ते त्यांना ठरवू द्या. ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी मिळते, बहुतेक जण तिला डायमॉक्स म्हणूनच ओळखतात. मघाशी सांगितलेलं मूत्रपिंडांचं काम ती लवकर करून घेते. सहसा पोचण्याच्या आदल्या दिवशी सुरू करतात. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना ते आधीच सांगायला हवं. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवीचं औषध मिसळलेलं असेल तर तेही. डायमॉक्सने बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला सारखं जावं लागतं, घाबरू नका. तिघांनीही विचारा, एकट्या बाबांसाठी नको. दाब मोजायचं यंत्र घरी असेलच, ते सोबत घ्या.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर न्यायचं तर न्या, पण त्याचा खेळ करू नका. लेहमध्ये पहिल्या दिवशी ८५ ते ९० आकडा धडधाकट माणसालाही दिसतो, गार बोटांवर तर काहीही दिसतं. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. प्राणवायूचे पत्र्याचे डबे विकतात ते काही मिनिटांत संपतात. आणि कापराची पुरचुंडी. आपल्याकडचा प्रत्येक गट ती बांधून नेतो. कापूर हुंगला की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला प्राणवायू तसूभरही वाढत नाही. आवडत असेल तर हुंगा, पण त्याच्या भरवशावर वर चढू नका. पहिले दोन दिवस दारू नको, झोपेची गोळी नको. पाणी तहानेपेक्षा थोडं जास्त, लोटेच्या लोटे नको.

लक्षणांचं गणित सोपं आहे. नुसती डोकेदुखी, भूक न लागणं, मळमळ, झोप न येणं असेल तर तिथेच थांबायचं, वर जायचं नाही. साधी वेदनाशामक गोळी घेऊन एक दिवसात बरं वाटलं तर पुढे. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला सुरू झाला असेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. खाली उतरवायचं आणि लेहचं सोनम नोरबू स्मृती रुग्णालय गाठायचं, तिथल्या डॉक्टरांना हे रोजचं आहे. शंका आली तर फरशीच्या रेषेवरून टाचेला चवडा लावत दहा पावलं चालायला सांगा. निरोगी माणूस चालतो. मेंदूला सूज येऊ लागलेला माणूस तोल जाऊन बाजूला पडतो, आणि वर म्हणतो, मला काही झालं नाही.

या शेवटच्या वाक्यासाठीच निघण्याआधी घरी बसून एक करार करा. रोज सकाळी चहाच्या आधी तिघांनी एकमेकांना विचारायचं: डोकं कसंय, झोप लागली का, भूक आहे का. उत्तराची थट्टा करायची नाही. आणि एकाने थांबू या म्हटलं तर दोघांनी वाद घालायचा नाही, त्या दिवशीचा बेत तिथेच संपला. तुमच्या भावासारख्या माणसाला आपल्यामुळे सगळ्यांचा विरस होईल ही भीती डोकेदुखीहून मोठी असते. करार आधीच झालेला असला की त्याला तोंड उघडायला सोपं जातं. बाबांनाही. तेही लपवतील, बघा.

बारीकसारीक दोन गोष्टी. तुमचं सिम प्रीपेड असेल तर ते लडाखमध्ये चालणार नाही, बाहेरच्या राज्यांतली पोस्टपेडच चालतात. तिघांपैकी एकाकडे तरी पोस्टपेड हवंच. लेहची विमानं बहुतेक सकाळीच असतात, कारण दुपारी वारा उठतो, आणि हवा बिघडली की ती रद्द होतात. दिल्लीहून पुढचं विमान दोन तासांच्या फरकाने ठेवलं असेल तर ते बदला, आणि परतल्याच्या दुसऱ्या दिवशी कचेरीत महत्त्वाची बैठक ठेवू नका.

तुम्ही विचाराल, मग पँगाँग कायमचंच सोडायचं का? अजिबात नाही. दहा दिवस मिळतील तेव्हा श्रीनगरहून रस्त्याने या. श्रीनगर १,६०० मीटर, कारगिल २,७०० च्या आत, मग लेह. रस्ताच तुम्हाला पायरी पायरीने वर आणतो. मनालीच्या रस्त्याने येणाऱ्यांना मधला मुक्काम बहुधा फार उंचावर करावा लागतो, पहिल्या खेपेला तो नको. आणि डॉक्टरांनी बाबांना लेहला साफ नाही म्हटलं, तर तिकिटाचे पैसे बुडाले असं समजून या वेळी अडीच हजार मीटरच्या खालचं एखादं डोंगरी शहर धरा. धरमशाला घ्या. सप्टेंबरच्या अखेरीस तिथला पाऊस ओसरलेला असतो, आणि त्रिउंडच्या पठारापर्यंतची वाट तुमच्यासारख्यांना एका दिवसात होते. तुम्ही दोघांनी बाबांना घरी ठेवून लेहला जाणं हाही एक पर्याय आहे, पण मग बेत भावाचा राहील, आणि तो बेत तुम्हा दोघांनाही झेपणारा नाही हे मी वर सांगितलंच आहे.

एक गोष्ट मला पत्र परत वाचताना दिसली. बाबांनी काय मागितलं होतं? सिंधू. भावाच्या बेतात नुब्रा आहे, श्योक आहे, सरोवर आहे. सिंधू कुठे आहे? येता-जाता गाडीच्या काचेतून. शामच्या रस्त्याने गेलात तर दोन दिवस ती तुमच्या सोबतीला असेल. अलचीला विहाराच्या मागे खाली बघितलं की ती दिसते, रात्री खिडकी उघडी ठेवली तर ऐकूही येते. तिथे जवळ धरण आहे, पाणी कमी-जास्त होतं, त्यामुळे काठापर्यंत उतरायचं ते गावातल्या कुणाला तरी विचारून. नुसता हात बुडवायचा असेल तर लेहजवळ शेच्या रस्त्यावर सिंधू घाट आहे, पायऱ्या बांधलेल्या आहेत. चौथ्या दिवशी संध्याकाळी, भाऊ सायकलवरून परत आला की तिघंही तिकडे जा. पायऱ्या उतरताना बाबांचा हात धरा, दगड गुळगुळीत आहेत. वर येताना त्यांना पुढे घाला आणि तुम्ही मागून त्यांच्या चालीने या.